कच्चा लिंबू आणि बारा मल्ल

पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की आमच्या शाळेत मधल्या सुटीत कॅरमचा बोर्ड बाहेर निघतो. गेल्या पावसाळ्यात नववीतील एक विद्यार्थी या खेळात इतका तरबेज निघाला की, एकदा स्ट्रायकर त्याच्या हाती गेला म्हणजे समोरच्यास पाळी मिळणे कठीण. आम्ही त्याचे कौतुक केले आणि तेही प्रार्थनेच्या वेळी, सर्वांसमक्ष, नाव घेऊन केले. पंधरा दिवसांनी पाहतो तो बोर्डापाशी तो एकटाच बसलेला! सोंगट्या नीट मांडलेल्या, पावडर टाकलेली. समोर मात्र कोणी नाही. हरणाऱ्या मुलांनी तक्रार केली नव्हती, भांडणही केले नव्हते. ती केवळ यायची थांबली होती. जिंकणारा कोण, हे पाहण्यात आम्ही गुंतलो होतो. हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी परत आला की नाही, हे पाहावयाचे राहून गेले होते.

पुढे चतुर्थीच्या सुटीत आमच्या एका भाच्याच्या घरी एक जुना व्हिडिओ गेम खेळण्याचा योग आला. त्याचे नाव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’. हा खेळ जपानमध्ये २१ जानेवारी १९९९ रोजी प्रसिद्ध झाला. आम्ही त्यात हरलो हे सांगावयास नकोच. पण हरूनही पुन्हा खेळावेसे वाटले, याचे आम्हांस नवल वाटले. पडद्यावरील खेळांविषयी शाळेच्या वार्षिकांकात लिहिणे काही पालकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि हा खेळ कोणत्या विचाराने रचला गेला, ते वाचल्यावर आमच्या कॅरमच्या बोर्डाचा आणि त्याचा संबंध वाचकांच्या ध्यानी येईल, अशी आशा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. दोन मल्लांनी समोरासमोर उभे राहून लढावयाचे, अशा पडद्यावरील खेळांची जगभर लाट आली ती १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर दोन’ या जपानी खेळामुळे. त्याची रीत अशी की, प्रत्येक मल्लाची पडद्याच्या वरच्या बाजूस एक पट्टी असते. ठोसा बसला की ती आखडते आणि संपली की मल्ल चीत. शिवाय प्रत्येक मल्लाचे काही खास डाव असतात. ते साधण्यासाठी दांडी ठरावीक क्रमाने फिरवून योग्य क्षणी कळ दाबावी लागते. ज्याने हे क्रम पाठ केले आणि बोटांत मुरवले, त्याच्यापुढे नवख्याचे काही चालत नाही. संस्कृतची रूपे घोकलेल्या विद्यार्थ्यापुढे न घोकलेला जसा निरुत्तर होतो, तशीच ही गत.

निरनिराळ्या कथांतील पात्रांना एका आखाड्यात उतरवण्याची कल्पनाही तेव्हा नवी राहिली नव्हती. १९९४ साली एस. एन. के. या जपानी संस्थेने आपल्या वेगवेगळ्या खेळांतील मल्ल एकत्र आणून ‘किंग ऑफ फायटर्स ९४’ हा खेळ काढला होता. या कल्पनेची गोडी आपणांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. चवथीच्या दिवसांत सांगितली जाणारी स्यमंतक मण्याची कथा आठवावी. रामाचा सोबती जांबवान त्या कथेत श्रीकृष्णासमोर उभा ठाकतो आणि दोघांचे द्वंद्व होते. महाभारतातील वनपर्वात भीमाची वाट अडवून बसतो तो रामायणातला मारुती. एका कथेतला वीर दुसऱ्या कथेत पाऊल टाकतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात. कारण दोघेही त्याच्या आधीच्या ओळखीचे असतात.

आता आमच्या खेळाच्या कर्त्याकडे वळू. मासाहिरो साकुराई यांचा जन्म १९७० सालचा. एचएएल लॅबोरेटरी या जपानी संस्थेत ते खेळ रचीत असत. ‘कर्बी’ नावाचा गुबगुबीत, गोल प्राणी हा त्यांच्याच कल्पनेचा. १९९२ साली त्याचा पहिला खेळ आला, तेव्हा साकुराई जेमतेम एकवीस वर्षांचे होते. ज्यांनी असे खेळ पूर्वी कधी हाती धरले नाहीत, त्यांनाही शेवटपर्यंत जाता यावे, हा त्या खेळामागील हेतू होता.

साकुराई यांनी आपला एक अनुभव सांगितला आहे. नाणे टाकून खेळावयाच्या एका खेळघरात ते ‘किंग ऑफ फायटर्स ९५’ खेळत बसले होते. समोरच्या बाजूने कोणी आव्हान दिले आणि साकुराई यांनी त्या प्रतिस्पर्ध्यास धुऊन काढले. मागाहून पाहतात तो पलीकडे एक नवशिके जोडपे! चार घटका मौज करावी म्हणून ते दोघे आले होते आणि या निष्णात खेळाडूने त्यांची मौज नाहीशी केली होती. साकुराई यांना या विजयाचा आनंद झाला नाही. अशाने नवी माणसे या खेळांकडे कशी वळावीत, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. आमच्यासारख्याने पंधरा दिवस कौतुक करून जे पाहिले नाही, ते त्यांनी एका डावानंतर पाहिले.

या विचारातून एक कच्चा नमुना तयार झाला. चौघांनी एकाच वेळी खेळावयाची ती लढत होती. तिच्यातील मल्लांना चेहरे नव्हते, नावेही नव्हती. संस्थेच्या कचेरीजवळच्या वस्तीच्या नावावरून त्या नमुन्याचे नाव ‘र्यूओ’, म्हणजे ‘नागराज’, असे ठेवले होते. मल्लांच्या रचनेपासून त्यांच्या हालचालींपर्यंत बहुतेक सारे काम साकुराई यांनी केले. यंत्राला समजणाऱ्या आज्ञा लिहिण्याचे काम सातोरू इवाता यांनी केले. इवाता हे त्या वेळी संस्थेचे अध्यक्ष होते. १९९३ साली संस्था आर्थिक अडचणीत असताना त्यांनी ती धुरा उचलली होती. अध्यक्षपणाचा भार वाहून उरलेल्या सुटीच्या दिवसांत ते या नमुन्यासाठी बसत. ध्वनीचे काम पाहावयास आणखी एक सहकारी होता. इतक्या थोड्या हातांनी या खेळाचा पाया घातला गेला.

नमुना चांगला होता. पण त्यात उणीव होती. अनोळखी मल्लांची ती गर्दी पाहून घरी बसलेल्या मुलास प्रश्न पडणार की, यातला नायक कोण आणि आपण कोणाची बाजू घ्यावी? म्हणून निन्तेन्दो या प्रसिद्ध संस्थेच्या लाडक्या पात्रांना आखाड्यात आणावे, असे साकुराई यांनी सुचवले. निन्तेन्दो ही १८८९ साली क्योतो शहरात पत्ते बनवण्यासाठी स्थापन झालेली पेढी. तिची पात्रे जपानी मुलांच्या घरातलीच होऊन गेलेली. त्यांना एकमेकांस मारावयास लावणे हा त्यांचा अपमान ठरेल, अशी शंका येणे स्वाभाविक होते. तेव्हा साकुराई व इवाता यांनी नुसते शब्दांनी समजावण्यापेक्षा मारिओ, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स ही चार पात्रे घेऊन दाखवण्याजोगा नमुना आधी सिद्ध केला आणि मग परवानगी मिळवली. उत्तम कल्पना मांडणाऱ्याने तिचा एक लहानसा तुकडा तरी प्रत्यक्ष करून दाखवावा, हा धडा विज्ञान-प्रदर्शनात भाग घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावा.

अखेर त्या खेळात बारा मल्ल उतरले. मारिओ, डाँकी काँग, लिंक, सॅमस, योशी, कर्बी, फॉक्स व पिकाचू हे आठ आरंभापासून उपलब्ध. तर लुइजी, कॅप्टन फाल्कन, नेस आणि जिग्लीपफ हे चार गुप्त. काही अट पुरी केली म्हणजे हे प्रकट होतात. उदाहरणार्थ, वीस मिनिटांच्या आत सर्व फेऱ्या संपवल्या तर कॅप्टन फाल्कन आव्हान देतो. त्यास हरवले की तो आपल्या बाजूला येतो. यांतील मारिओ आणि डाँकी काँग हे तर जुने वैरी. १९८१ सालच्या पहिल्या खेळात तो अजस्र वानर शिडीच्या माथ्यावरून पिंपे गडगडत सोडी आणि मारिओ त्यांवरून उड्या मारीत वर चढे. अठरा वर्षांनी ते दोघे पुन्हा समोरासमोर आले.

आता या खेळाचे मर्म सांगतो. येथे संपत जाणारी पट्टी नाही. तिच्या जागी शेकडेवारीचा एक आकडा असतो आणि तो शून्यापासून वर चढतो. मार बसत गेला की आकडा वाढतो. पण आकडा वाढला म्हणून मल्ल मरत नाही. तो हलका होतो म्हणा ना! आकडा लहान असता जो ठोसा त्यास दोन पावले मागे सारील, तोच ठोसा आकडा शंभराच्या पलीकडे गेल्यावर त्यास आखाड्याबाहेर फेकून देईल. बाहेर पडला तर तो बाद. आपल्या लाल मातीतील कुस्तीत पाठ टेकली की हार. जपानी सुमोत रिंगणाबाहेर पाय पडला की हार. येथील रीत या दुसऱ्या प्रकाराजवळची आहे.

हा लहानसा बदल, पण त्याचे परिणाम पाहावे. पहिला असा की, बाहेर फेकला गेलेला मल्लही लगेच संपत नाही. हवेत त्यास आणखी एक उडी मारता येते, शिवाय वर झेपावण्याचा एक खास डाव असतो. त्यांच्या बळावर तो काठ गाठून लोंबकळतो आणि परत वर येतो. दुसरा परिणाम असा की, प्रत्येक ठोशागणिक प्रतिस्पर्धी निराळ्या अंतरावर जाऊन पडतो, म्हणून पाठ केलेला एकच क्रम सदैव उपयोगी पडत नाही. समोर पाहून ठरवावे लागते. तिसरा परिणाम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याचा आकडा मोठा झाला आहे, त्याच्याही हाती शेवटपर्यंत काही उरते. संपत आलेल्या पट्टीकडे पाहत मरणाची वाट पाहणे त्याच्या नशिबी नाही.

डावांची रीतही सोपी ठेवली आहे. एक कळ साध्या माराची, दुसरी खास डावांची. त्यांच्या जोडीस दांडी वर किंवा खाली ढकलली की डाव बदलतो. प्रत्येक मल्लास खास डाव तीनच. लांबलचक क्रम पाठ करणे नाही. आमच्यासारख्यासही पाच मिनिटांत ते उमगले. त्यातही मल्लांचे स्वभाव निराळे. डाँकी काँग जड, म्हणून सहसा उडत नाही. जिग्लीपफ हलकी, म्हणून चटकन उडते. कर्बी समोरच्यास गिळून त्याची विद्या उचलतो आणि डोक्यावर त्याचीच टोपी मिरवतो.

मध्येच आकाशातून वस्तू पडतात. कधी हातोडा, कधी तलवार, कधी फुटणारा गोळा, तर कधी सारा मार पुसून टाकणारे हृदय. त्या कोणाजवळ पडतील याचा नेम नाही. निष्णात खेळाडूंस हे दैवाचे दान आवडत नाही आणि ते त्या वस्तू बंद करून खेळतात. पण घरातील लहान बहिणीच्या हाती अवचित हातोडा लागावा आणि मोठ्या भावाने पळत सुटावे, यात जे हसू आहे ते या दैवामुळेच. याखेरीज दुबळ्या खेळाडूस सवलत देण्याची सोयही खेळातच केलेली आहे.

आपल्याकडे आट्यापाट्या किंवा लपंडाव खेळताना एखादे लहान पोर हट्ट करून सामील झाले की त्यास ‘कच्चा लिंबू’ म्हणतात. त्याने खेळावे, धावावे, पण बाद झाला तरी त्यास बाद धरू नये, असा तो अलिखित करार. ही रीत ज्या कोण्या मुलांनी प्रथम काढली, ती शहाणी असली पाहिजेत. तीत एकच वैगुण्य आहे. आपण कच्चा लिंबू आहोत हे त्या पोरास ठाऊक असते आणि काही दिवसांनी ते त्यास बोचू लागते. साकुराई यांच्या खेळाचा विशेष हा की, त्यात कच्च्या लिंबास जागा आहे. पण कोणास कच्चा लिंबू म्हणून वेगळे बसवलेले नाही. नियम सर्वांस एकच आणि त्या नियमांतच नवख्यासाठी श्वास घेण्यापुरती मोकळीक.

खेळाच्या प्रारंभी जे चित्र दिसते, तेही अर्थपूर्ण आहे. पांढरा हातमोजा घातलेला एक मोठा हात येतो, पेटीतून बाहुल्या काढून मेजावर मांडतो, आणि ते मेज आखाडा होते. म्हणजे ही लढाई खऱ्या वीरांची नव्हे; एका मुलाने आपल्या बाहुल्यांची लावून दिलेली आहे. एकट्याने खेळताना शेवटच्या फेरीत याच हाताशी गाठ पडते. नावातील ‘ब्रदर्स’ हा शब्द इवाता यांनी सुचवला. ही मंडळी एकमेकांची शत्रू नसून सोबती आहेत आणि एखादा लहानसा वाद मिटवीत आहेत, असे त्या शब्दातून सुचावे, हा त्यांचा हेतू होता. डाव संपल्यावर निकाल लागतो, तेव्हा विजेता मध्यभागी उभा राहतो आणि हरलेले मल्ल टाळ्या वाजवतात. आमच्या सहा वर्षांच्या भाचीने हे पाहून कंट्रोलर खाली ठेवला आणि स्वतःही टाळ्या वाजवल्या.

तथापि केवळ स्तुती करणे हे अभ्यासाचे लक्षण नव्हे. या पहिल्या खेळात दोष आहेत. आखाडे एका गुप्त आखाड्यासह अवघे नऊ. आज त्यातील आकृत्या ओबडधोबड दिसतात. मोठा दोष असा की, मार बसलेला मल्ल काही काळ सुन्न होतो आणि हा काळ इतका लांब ठेवला आहे की, तरबेज खेळाडू ठोशामागून ठोसा देत प्रतिस्पर्ध्यास जमिनीवर पाय टेकू न देता बाहेर काढू शकतो. म्हणजे ज्या अन्यायावर उपाय म्हणून हा खेळ रचला, तो अन्याय त्याच्या उदरातही काही अंशी शिल्लक राहिलाच. २००१ साली आलेला दुसरा खेळ, ‘मेली’, तर इतका वेगवान झाला की तो निष्णातांच्या स्पर्धांचा मानबिंदू ठरला. २०१३ साली अमेरिकेतील ‘एव्हो’ या मोठ्या स्पर्धेत, बारा वर्षे जुना असूनही, त्यास पुन्हा स्थान मिळाले. नवशिक्यांसाठी लावलेल्या झाडाखाली निष्णातांनी आखाडा खणला, असेच म्हणावे लागेल. पण यात आम्हांस विफलता दिसत नाही. कोणताही चांगला खेळ नवख्यास आत घेतो आणि जाणत्यास थांबवून ठेवतो. या दोहोंचा तोल साधणे अवघड असते.

हा खेळ आरंभी थोड्या खर्चात आणि जपानपुरताच म्हणून काढला होता. पुढे १९९९ सालीच तो अमेरिकेत व युरोपातही गेला आणि जगभर त्याच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. चार कंट्रोलर जोडता येतील अशा ‘निन्तेन्दो ६४’ या यंत्राचा त्यास मोठा उपयोग झाला. कारण चौघे एका खोलीत, खांद्यास खांदा लावून बसल्याखेरीज त्याची खरी मौज नाही. २०१८ साली ‘अल्टिमेट’ हा खेळ निघाला आणि त्यात पूर्वीच्या प्रत्येक खेळातील प्रत्येक मल्लास परत बोलावण्यात आले. २०२१ पर्यंत भर पडत जाऊन ती संख्या ऐंशीच्या वर गेली. इवाता २००२ साली निन्तेन्दोचे अध्यक्ष झाले आणि २०१५ साली निवर्तले. तो मेळा पाहावयास ते नव्हते. पण सुटीच्या दिवशी त्यांनी जे लिहावयास घेतले होते, त्याचाच तो विस्तार.

पालकांस एक शब्द. पडद्यासमोर किती वेळ बसावे, याची मर्यादा घरात असलीच पाहिजे. ती या लेखाने सैल होऊ नये. परंतु मर्यादा घालताना मूल काय खेळते, कोणाबरोबर खेळते आणि हरल्यावर कसे वागते, हे एकदा शेजारी बसून पाहावे. आम्ही पाहिले, आणि त्यामुळेच शाळेतील एका चुकीची दुरुस्ती आम्हांस सुचली.

सुटी संपल्यावर त्या नववीतील विद्यार्थ्यास आम्ही साकुराई यांची खेळघरातील गोष्ट सांगितली. उपदेश केला नाही. गोष्ट तेवढी सांगितली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “सर, लहान मुलांशी मी डाव्या हाताने खेळलो तर चालेल का? आणि पंचवीस गुणांच्या डावात त्यांना दहा गुण आधीच देऊ या.” आम्ही ‘चालेल’ म्हटले. पहिल्याच आठवड्यात सहावीतील एका मुलाकडून तो हरला. त्याचा चेहरा पडला होता, हेही सांगितले पाहिजे; डाव्या हाताने का होईना, हार ती हारच. पण आता मधल्या सुटीत बोर्डाभोवती गर्दी असते आणि आपली पाळी येईपर्यंत त्यास उभे राहावे लागते. उभे राहावे लागते म्हणून तो कुरकुरतो. आम्ही ती कुरकुर ऐकतो आणि गप्प बसतो.